सुल्लीपासून बुल्लीपर्यंतचे सहा महिने: एका प्रकरणाचा अभ्यास

१ जानेवारी २०२२, शनिवार. सगळीकडे नवीन वर्षाचे फॉरवर्ड फिरत होते आणि त्याच सकाळी देशातल्या शंभरावर मुसलमान बायकांना मैत्रिणींचे, सहकाऱ्यांचे मेसेज यायला लागले की अगं तुझा फोटो एका अ‍ॅपवर आहे, लिलावाला लावलाय. अ‍ॅपचं नाव बुल्ली बाई. उघडलं की एका बाईचा फोटो समोर यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं की ही तुमची आजची बुल्ली बाई. खरी विक्री काही नव्हती, पैशाचा व्यवहार नव्हता, उद्देश एकच की बाईला सगळ्यांसमोर बाजारात उभं करायचं. आपल्याकडे मराठीत बाई म्हणजे मान, शाळेत शिकवणाऱ्या बाई, गावातल्या थोरल्या बाई, आणि तोच शब्द शिवीच्या शेपटीला बांधलेला बघून मला तेव्हा खरंच कसंतरी झालं होतं.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं कारण ऑनलाइन छळाबद्दल बोलताना आपण कायम एकाच वाक्यावर येतो, कायदा कडक करा. इथे मात्र एकाच पद्धतीचा गुन्हा सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घडला, कायदे दोन्ही वेळेला तेच होते, प्लॅटफॉर्मही तोच होता, आणि तरी पहिल्या वेळी सहा महिने एकही अटक नाही आणि दुसऱ्या वेळी तीन-चार दिवसात अटक. म्हणजे मधल्या काळात कायदा नाही बदलला, दुसरंच काहीतरी बदललं. ते काय, हे नीट बघायला पाहिजे.

तर आधी पहिला भाग. त्याच्याही आधी मे २०२१ मध्ये ईदच्या दिवशी एका यूट्यूब चॅनलवर बायकांच्या फोटोंचा असाच लिलाव लाइव्ह दाखवला गेला होता, लोक कमेंटमध्ये बोली लावत होते. मग जुलै २०२१ च्या पहिल्या आठवड्यात सुल्ली डील्स नावाचं अ‍ॅप आलं. सुल्ली आणि बुल्ली हे दोन्ही शब्द मुसलमान बायकांना हिणवायला वापरतात. ऐंशीच्या वर बायका, त्यांनी स्वतःच्या ट्विटरवर टाकलेले फोटो उचलून तिथे लावलेले, आणि डील ऑफ द डे म्हणून रोज एक. हे अ‍ॅप गिटहबवर होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड ठेवतात ती जागा, मायक्रोसॉफ्टच्या मालकीची अमेरिकन कंपनी. सोशल मीडिया म्हणून कुणी तिच्याकडे बघतच नव्हतं.

आरडाओरडा झाल्यावर गिटहबने ते काढलं. राष्ट्रीय महिला आयोगाने दिल्ली पोलिसांना लिहिलं, दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, दिल्लीच्या सायबर सेलने एफआयआर नोंदवला, एका महिला पायलटने नोएडात वेगळा एफआयआर केला. शिवसेनेच्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी जुलैमध्येच आयटी मंत्री अश्विनी वैष्णव यांना पत्र लिहिलं. कागदावर बघितलं तर सगळं झालं होतं. आयोग झाला, नोटीस झाली, एफआयआर झाला, खासदाराचं पत्र झालं. आणि मग ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी झाली, कुणाच्याही दारावर पोलीस गेले नाहीत.

अडलं कुठे तर गिटहबकडून माहिती मिळवण्यात. पोलिसांकडून तेव्हा सांगितलं गेलं की कंपनी म्हणते एमएलएटीच्या मार्गाने या. एमएलएटी म्हणजे दोन देशांमधला कायदेशीर मदतीचा करार, भारत आणि अमेरिकेमधला हा करार २००५ पासून लागू आहे. त्याचा रस्ता असा की तपास अधिकाऱ्याने प्रस्ताव करायचा, तो वर जाणार, गृहमंत्रालयात जाणार, तिथून अमेरिकेच्या न्याय विभागाकडे, तिथे त्यांच्या कायद्यात हा गुन्हा बसतो का ते बघणार, मग त्यांच्या कोर्टातून ऑर्डर, मग कंपनी, आणि मग तेवढाच लांब रस्ता परत. यात महिने जातात, कधी वर्ष. आणि अमेरिकेत बोलण्याच्या स्वातंत्र्याचं संरक्षण इतकं रुंद आहे की साधा, कपड्यातला, स्वतः पोस्ट केलेला फोटो आणि खाली एक घाणेरडी ओळ, एवढ्यावर तिथलं कोर्ट हलेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. या वाटेने अतिरेक्यांच्या केसेस जातात, मोठे घोटाळे जातात, त्या रांगेत या बायकांची फाइल.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी माझ्या मते या पूर्ण प्रकरणाचा गाभा आहे. नंतर दिल्ली पोलिसांनी सांगितलं की बुल्ली बाई अ‍ॅप नोव्हेंबर २०२१ मध्ये बनवलं गेलं, डिसेंबरमध्ये त्यात सुधारणा झाल्या, आणि वर्ष संपताना ते लाइव्ह केलं. म्हणजे सुल्ली डील्सच्या एफआयआरला चार महिने झाल्यावर कुणीतरी शांतपणे कीबोर्डवर बसून दुसरं अ‍ॅप बांधायला घेतो. त्याने बघितलेलं असतं ना, की आधीच्याला काही झालं नाही. देशभर बातम्या आल्या, आयोग बोलले, तरी काही झालं नाही. त्या चार महिन्यांच्या शांततेने जे शिकवलं ते कुठल्याही कलमाने शिकवलं नसतं. काही बायका तर दोन्ही याद्यांमध्ये होत्या, त्यांच्या बाबतीत दुसरा गुन्हा हा पहिल्याच्या तपासात झालेल्या उशिरातूनच आलेला आहे असं मी म्हणेन.

जानेवारीत काय वेगळं झालं ते बघू. यादीत पत्रकार होत्या, वकील, कार्यकर्त्या, अभिनेत्री, एका बेपत्ता विद्यार्थ्याची आईसुद्धा. दिल्लीतल्या एका महिला पत्रकाराने तक्रार दिली आणि तक्रारीची प्रत उघडपणे ट्विटरवर टाकली, हे धाडस मोठं होतं कारण अशा वेळी घरातलेच म्हणतात की गप्प बस, विषय वाढवू नको. चतुर्वेदींनी पुन्हा आवाज उठवला, त्यावर आयटी मंत्र्यांनी त्याच दिवशी कळवलं की गिटहबने तो युजर ब्लॉक केलाय आणि पुढची कारवाई पोलीस आणि सर्ट-इन, म्हणजे केंद्राची सायबर सुरक्षेची संस्था, मिळून करतायत. इथपर्यंत जुलैसारखंच. पण मुंबईतल्या एका पीडितेच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या पश्चिम विभागाच्या सायबर पोलीस स्टेशनने गुन्हा नोंदवला आणि तिथून चक्र वेगळं फिरलं.

मुंबई पोलीस गिटहबच्या उत्तराची वाट बघत बसले नाहीत. अ‍ॅपचा प्रचार करायला ट्विटरवर एक हँडल काढलेलं होतं, त्याचे फॉलोअर मोजके होते, पोलीस त्या फॉलोअर्सच्या मागे लागले. म्हणजे दाराला कुलूप होतं तर खिडकीतून गेले. ३-४ जानेवारीला बंगळुरूचा २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मग उत्तराखंडमधली जेमतेम अठरा-एकोणीसची मुलगी आणि तिथलाच अजून एक तरुण. ६ तारखेला दिल्ली पोलिसांनी आसाममधल्या जोरहाटमधून विशीतला एक मुलगा पकडला, तो बीटेकचा विद्यार्थी, दिल्ली पोलिसांच्या म्हणण्यानुसार अ‍ॅप त्यानेच बनवलेलं. आणि त्याच्या चौकशीतून दोन-तीन दिवसात इंदूरचा पंचविशीतला माणूस सापडला, सुल्ली डील्सचा आरोपी. जुलैचा गुन्हा जानेवारीच्या गुन्ह्यातून उलगडला. सहा महिने जो मिळत नव्हता तो आठवडाभरात मिळाला, अमेरिकेतून काही यायच्या आत.

का? एक कारण मला दिसतं ते म्हणजे यंत्रणा जवळ होती. मुंबईत तोपर्यंत पाच विभागांना पाच स्वतंत्र सायबर पोलीस स्टेशनं झालेली होती, तिथले लोक रोज हेच काम करत होते. दुसरं, राजकीय दबाव, तो नाकारून चालणार नाही, राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार, गृहराज्यमंत्री सतेज पाटील स्वतः अटकेच्या बातम्या देत होते, पोलीस आयुक्त हेमंत नगराळे यांनी पत्रकार परिषद घेतली. काही लोक म्हणाले की हे राजकारण होतं. असेल. पण त्या बायकांना दारावर पोलीस गेलेले बघायला मिळाले, ते राजकारणातून झालं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, प्रश्न एवढाच पडतो की राजकारण नसेल तेव्हा काय, नाव नसलेली, ट्विटरवर दहा फॉलोअर असलेली मुलगी तक्रार करेल तेव्हा काय.

नगराळेंनी त्या पत्रकार परिषदेत अजून एक गोष्ट सांगितली, की आरोपींनी हँडलला शीख नावं वाटतील अशी नावं दिली होती. म्हणजे शिव्या पडल्या तर त्या शिखांना पडाव्यात आणि दोन समाजात भांडण लागावं. ज्यांना नुसती पोरांची मस्ती म्हणून हे सोडून द्यायचं होतं त्यांनी हा भाग परत वाचावा. वय कमी होतं हे खरं, त्यांना माफ करा असं आवाहनही काही मोठ्या लोकांनी केलं, आणि मला स्वतःला कुठल्याच अठरा-वीस वर्षांच्या मुलाने वर्षानुवर्षं जेलमध्ये सडावं असं वाटत नाही. पण माफ करायचा हक्क यादीतल्या बायकांकडे जातो, आपल्याकडे नाही.

आता कलमांकडे येऊ, इथे थोडं किचकट आहे पण सोडून देता येणार नाही. मुंबईच्या एफआयआरमध्ये भादंविची, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानाची, १५३अ, १५३ब, २९५अ, ३५४ड, ५०९, ५०० (अब्रुनुकसानी) आणि आयटी कायद्याचं ६७. एकेक लावून बघा या प्रकरणाला. ६७ म्हणजे अश्लील मजकूर, पण फोटो तर साधे होते, कुणी कुर्त्यात, कुणी हिजाबमध्ये. ३५४ड म्हणजे पाठलाग, हे कलम २०१३ च्या दुरुस्तीत आलं, त्यात बाई इंटरनेट कसं वापरते यावर नजर ठेवणं येतं, पण मूळ कल्पना एक माणूस एका बाईच्या मागे लागलाय ही आहे, शंभर बायकांची यादी करणाऱ्या टोळीला ते ओढूनताणून लावावं लागतं. ५०९ म्हणजे विनयशीलतेचा अपमान. हा शब्दच बघा. कायदा बाईला विचारतो की तुझी लाज गेली का. त्या बायकांची लाज गेली नव्हती, लाज वाटण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. त्यांना घाबरवलं होतं, त्यांनी लिहिणं-बोलणं बंद करावं म्हणून, आणि काहींनी अकाउंट बंद केलीही. याला आपल्या कायद्यात नावच नाही.

आणि बाकीची कलमं, १५३अ, १५३ब, २९५अ, ही समाजात तेढ आणि धार्मिक भावना दुखावण्याची. म्हणजे मुसलमान म्हणून एक कलम, बाई म्हणून दुसरं कलम, आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा. प्रत्यक्षात त्यांना निवडलं होतं ते बोलणारी मुसलमान बाई म्हणून, तिन्ही गोष्टी एकत्र. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात द्वेषाच्या भाषेवर नवीन कलमं सुचवली होती आणि त्यात धर्म-जातीसोबत लिंग, लैंगिक ओळख हेही आधार म्हणून घेतले होते. तो अहवाल तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५०९ चं ७९ झालं, ३५४ड चं ७८ झालं, १५३अ चं १९६ झालं, पण आतली रचना जवळपास तीच, विनयशीलता हा शब्दही तोच. इतकी मोठी संधी होती आणि नंबर बदलून गेली याचं मला वाईट वाटतं.

शिवाय १५३अ, २९५अ सारख्या कलमांत खटला चालवायला सरकारची आधी मंजुरी लागते. सुल्ली डील्समध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी ती मंजुरी दिली डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे गुन्हा घडून जवळजवळ दीड वर्षाने. तोपर्यंत मार्च २०२२ मध्ये दिल्लीतल्या दोन्ही मुख्य आरोपींना जामीन झालेला, पहिलाच गुन्हा आहे आणि जास्त दिवस आत ठेवणं त्यांच्यासाठी चांगलं नाही या कारणाने, मुंबईतल्यांना एप्रिल आणि जूनमध्ये. जामीन हा हक्क आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण आरोपीच्या भल्याचा विचार कोर्टाच्या आदेशात येतो तसा त्या बायकांचं पुढे काय, त्यांची सुरक्षितता, त्यांचं काम, समुपदेशन, याचा विचार करायला अख्ख्या व्यवस्थेत एक टेबल नाही, हे खटकतं.

मग प्लॅटफॉर्मचं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे आयटी नियम आले होते, सुल्ली डील्सच्या चारच महिने आधी. त्यात ३(२)(ब) हा नियम माझ्या मते खरोखर कामाचा आहे, बाईचा खासगी फोटो, नग्नता, किंवा तिच्या नावाने खोटं अकाउंट, मॉर्फ केलेला फोटो, यातलं काही असेल तर तिने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली की कंपनीने ते काढायचं, तेव्हाची मुदत २४ तास. पण बुल्ली बाईतले फोटो नग्न नव्हते, ती स्वतः असल्याचं भासवणारं अकाउंट नव्हतं, मग बसवणार कुठे. आणि सरकार थेट ब्लॉक करतं ते आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली, त्याची कारणं देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे, बाईची प्रतिष्ठा हे त्यात कारणच नाही. दोन्ही वेळा अ‍ॅप उतरलं ते गोंधळ मोठा झाला म्हणून, हक्क म्हणून नाही.

योगायोग बघा, त्याच महिन्यात, २३ जानेवारी २०२२ ला ऑस्ट्रेलियात त्यांचा ऑनलाइन सेफ्टी कायदा लागू झाला. तिथे ईसेफ्टी कमिशनर नावाचं वेगळं कार्यालय आहे. प्रौढ व्यक्तीला गंभीर इजा व्हावी या हेतूने केलेला छळ असेल तर आधी प्लॅटफॉर्मकडे तक्रार, त्याने नाही ऐकलं तर हे कार्यालय नोटीस देऊन २४ तासात काढायला लावू शकतं, फोटोत कपडे आहेत की नाहीत हा मुद्दाच नाही. ते कार्यालय पोलीस नाही, त्यामुळे बाईला आधी ठरवावं लागत नाही की मला कुणाला जेलमध्ये पाठवायचंय का, तिला फक्त ते उतरवून हवंय एवढं सांगता येतं. आपल्याकडे २०२३ मध्ये तक्रार अपील समित्या आल्या, पण त्या कंपनीच्या निर्णयावर अपील ऐकतात आणि मुदत ३० दिवस. तीस दिवसात फोटो कुठल्या कुठे जातो.

महाराष्ट्रात तर या घटनेच्या आठवडाभर आधी, डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात बायकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक एकमताने मंजूर झालं होतं. फाशीच्या तरतुदीमुळे त्याची चर्चा झाली, पण त्यात डिजिटल माध्यमातून होणाऱ्या बायकांच्या छळाचं वेगळं कलम होतं आणि कंपन्यांनी तपासाला माहिती दिली नाही तर शिक्षाही होती. म्हणजे नेमकं गिटहबच्या कुलपावरचं औषध, निदान कागदावर. राष्ट्रपतींची मान्यता काही त्याला मिळाली नाही. मला वाटतं फाशीच्या गाठोड्यात हे कलम बांधलं नसतं, वेगळं साधं विधेयक आणलं असतं, तर कदाचित पुढे गेलं असतं.

आणि कडक कायदा म्हणताना आपल्याच पालघरची आठवण ठेवायला हवी. २०१२ मध्ये बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद पडली त्यावर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली, कलम लागलं आयटी कायद्याचं ६६अ. त्रासदायक मेसेजपासून संरक्षण म्हणून सांगितलेलं कलम दोन तरुण मुलींवरच उलटलं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते रद्द केलं आणि बरं केलं. म्हणून मी मागते ते मोघम, रुंद कलम नाही. इजा कशी झाली ते नीट लिहिलेलं अरुंद कलम, फोटो उतरवण्यासाठी पोलिसांपेक्षा वेगळं दार, आणि तपासाला माणसं.

माणसं हा मुद्दा कुणीच बोलत नाही. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालचा तपास पोलीस इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याने करायचा. हेतू चांगला होता, जाणकार माणसाकडे तपास जावा. पण तालुक्याच्या पोलीस स्टेशनला इन्स्पेक्टर किती असतात? तेच बंदोबस्ताला, तेच कोर्टाला, तेच मंत्र्यांच्या दौऱ्याला.

हे मला पाठ झालं ते माझ्या मावसबहिणीमुळे. कुणीतरी तिच्या नावाने खोटं इन्स्टा अकाउंट काढलं, तिचा लग्नातला फोटो आणि खाली मोबाईल नंबर. आम्ही दोघी सकाळी अकराला पोलीस स्टेशनला गेलो. ड्युटीवरचे हवालदार चांगले होते, खुर्ची दिली, पाणी दिलं, पण म्हणाले ताई साहेब बंदोबस्तात आहेत, ऑनलाइनचं असेल तर साहेबच घेतील, तुम्ही तोपर्यंत तुमचं अकाउंट बंद करून टाका ना. तिचं खरं अकाउंट. चार वाजता परत गेलो, सात वाजता परत. ३(२)(ब) बद्दल तिथे कुणाला माहीत नव्हतं, खोटं अकाउंट म्हणजे २४ तासात उतरायलाच पाहिजे होतं, तो फॉर्म शेवटी मी घरी बसून तिच्या फोनवर भरला, इंग्रजीत होता. दुसऱ्या दिवशी रात्री अकाउंट गेलं, तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि तक्रारीची पोच मिळाली. तोपर्यंत तो स्क्रीनशॉट तिच्या सासरच्या ग्रुपवर पोचला होता, आणि तिच्या सासूबाईंनी तिला पहिला प्रश्न विचारला तो हा, की तू फोटो टाकलासच कशाला.